मदत हवी आहे : इंदूर-देवास रोजच्या प्रवासासाठी हलका लॅपटॉप

सप्रेम नमस्कार. मी इंदूरला राहतो आणि हिशेब व करविवरणपत्रांच्या कामासाठी आठवड्यातून चार दिवस बसने देवासला जातो. सध्याचा १५.६ इंची लॅपटॉप चार्जरसह पावणेतीन किलोंच्या घरात जातो, त्यामुळे खांदा दुखू लागला आहे. शिवाय तो विंडोज ११ साठी पात्र नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

काम साधेच आहे : टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर), मोठ्या एक्सेल फाइली, मराठी-हिंदी पत्रव्यवहार आणि डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन. १३ इंची मॅकबुक एअर सुमारे सव्वा किलोचा असल्याने मोह होतो, परंतु टॅली विंडोजवरच चालते, म्हणून तो विचार मी (जड मनाने) सोडला. स्नॅपड्रॅगन (नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या) प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी चांगली टिकते असे म्हणतात. मात्र त्यांवर असा टोकन आणि टॅली विनातक्रार चालवणारे कोणी येथे आहे का?

अंदाजपत्रक ७०,००० रुपयांपर्यंत आहे. हलक्या लॅपटॉपांत रॅम बहुधा मदरबोर्डवरच जोडलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही, तेव्हा १६ जीबी आताच घ्यावी असे मला वाटते. वजन १.४ किलोंच्या आत, चार्जिंग टाइप-सी असावे. सिल्व्हर मॉलमधील दुकानदार प्रत्येक वेळी गेमिंगचेच यंत्र पुढे करतात! आपण स्वतः दोनेक वर्षे वापरलेले मॉडेल, त्याच्या बिजागरीची अवस्था आणि इंदुरातील दुरुस्तीचा अनुभव कृपया कळवावा.