मदत हवी आहे : शेतात सापडलेली ही बारकी धातूची वस्तू काय असावी?

माळावरचा
काल डिटेक्टर घेऊन शेतात फिरताना एक वस्तू मिळाली, वीतभर खोल. चपट्या बटव्यासारखा आकार, वर निमुळतं तोंड, तोंडाशी दोन बाजूंना दोन कान. एका अंगाला पंख्यासारख्या रेघा, दुसऱ्या अंगाला काहीतरी अक्षर. रंग करडा. फोटो काही केल्या चढत नाहीये. कोणी ओळखेल का? जरा लवकर सांगा, एक जण विकत मागतोय.

तांबटआळी
वजन? लांबी? चुंबकाला चिकटते का? फोटो नाही, माप नाही आणि म्हणे ओळखा. आम्ही काय पंचांग उघडून सांगायचं?

सुमनताई
आमच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे, तोंड डाक लावून बंद केलेलं. तसलाच छोटा असेल हो. चिंचेच्या कोळात तासभर ठेवा, लख्ख निघतो.

गडवेडा
आधी शेत कुठलं ते सांगा. किल्ल्याच्या पायथ्याचं असेल तर तुमच्यासारख्या डिटेक्टरवाल्यांनीच वाट लावलीये. १८७८ चा निखात निधी कायदा वाचा. जमिनीत पुरलेलं १० रुपयांवरचं काही मिळालं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

माळावरचा
अहो कुठला किल्ला! मी नॉरफोकला असतो, इंग्लंडात. शेतमालकाची लेखी परवानगी आहे. लांबी ५ सेंमी, वजन ३८ ग्रॅम. चुंबकाला चिकटत नाही. नखाने ओरखडा उठतो.

नाणेवाला
इंग्लंड म्हणजे रोमन, डोळे मिटून. रोमन वस्तू कुठे कुठे पोचल्यात! आपल्या कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडनची कांस्यमूर्ती निघालीच की, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. जाऊन बघा.

लेस्टरकर
नॉरफोक हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं होतं राव. नखाने ओरखडा म्हणजे शिसं किंवा शिसं-कथलाची मिसळ. दोन कान, चपटं पोट, पंख्यासारख्या रेघा म्हणजे शिंपला : ही यात्रेकरूंची कुपी दिसते, इकडे ॲम्पुला म्हणतात. रोमन नव्हे, मध्ययुगीन. तीर्थाचं पाणी भरायचं, तोंड चिमटून बंद करायचं आणि कानांत दोरी ओवून गळ्यात घालायची. अक्षर डब्ल्यू आहे का? वर मुकुट? तसं असेल तर बरेच जण ती वॉल्सिंगहॅमची मानतात, तुमच्याच काउंटीतलं तीर्थक्षेत्र. तिथलं देवस्थान १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मोडलं. आणि तोंड शाबूत आहे की फाटलेलं?

माळावरचा
डब्ल्यू असेल, वरचं झिजलंय. तोंड एका बाजूने फाटलंय. म्हणजे फुटकी, किंमत गेली?

लेस्टरकर
उलट, फाटलेल्याच जास्त मिळतात. पीक चांगलं यावं म्हणून हे पाणी शेतात शिंपडत, असा एक अंदाज आहे. नांगरलेल्या शेतांत त्या इतक्या सापडतात त्याचं कारणही तेच सांगतात.

सुमनताई
मग मी काय वेगळं सांगत होते? गडूच झाला की!

लेस्टरकर
गडू बरोबर ताई, चिंच चूक. शिशाला आंबट चालत नाही. लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, काही लावू नका. ओकच्या लाकडी पेटीतही ठेवू नका, त्या लाकडातून ॲसिडची वाफ निघते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. चिकटलेली माती राहू दे, कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

गडवेडा
आणि कायदा? तिथे काय रान मोकळं आहे?

लेस्टरकर
मोकळं नाही. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू निघाली तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशी चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला, कळवणं बंधनकारक. एकटी शिशाची कुपी सहसा त्यात बसत नाही. तरी काउंटीच्या फाइंड्स लिएझॉन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा. नोंद फुकट होते, वस्तू परत मिळते. सापडली ती नेमकी जागा लिहून ठेवलीत ना? तेवढ्यासाठीच नोंदीला अर्थ आहे.

माळावरचा
फोनवर खूण केलीये. ऑफिसरला मेल टाकतो. गिऱ्हाईकाला थांब म्हणून सांगितलं, तो रुसलाय.

तांबटआळी
रुसू दे. विकायचीच झाली तर शेतमालकाशी वाटणीचं काय ठरलंय? लेखी परवानगीत तेही आहे का?

नाणेवाला
डिटेक्टर कुठल्या कंपनीचा? केवढ्याला पडला?