दुकानात सिगारेटी झाकून ठेवल्या तर खरंच काही फरक पडतो का?

चौकसबाई:
बऱ्याच देशांत सिगारेट-तंबाखूची पाकिटं गिऱ्हाईकाला दिसतील अशी मांडायला बंदी आहे, कपाटात किंवा पडद्यामागे ठेवावी लागतात, आइसलंडने तर २००१ मध्येच केलं हे. पण ज्याला ओढायचीय तो मागून घेणारच ना? विक्री घटली का कुठे? घरात तेरा वर्षांचा मुलगा आहे म्हणून विचारतेय.

रानपाखरू:
विक्रीत लगेच काही दिसत नाही हो. आयर्लंडमध्ये जुलै २००९ ला बंदी आली, पहिल्या वर्षात विक्रीवर ठळक परिणाम सापडला नाही. पण तिथे मुलांनाही विचारलं होतं, दुकानात पाकिटं मांडलेली दिसली का, तर आधी ८१ टक्के हो म्हणायची ती नंतर २२ टक्क्यांवर आली. आणि मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की आपल्या वयाची पाचात एकापेक्षा जास्त मुलं ओढतात असं समजणारी मुलं ६२ टक्क्यांवरून ४६ वर आली. तुमच्या मुलासाठी हा आकडा बघा. गोळ्या-चॉकलेटच्या मागे रोज रंगीत पाकिटांची भिंत दिसली की पोराला वाटणारच, सगळेच ओढतात.

सुटलेला:
मी सोडली तेव्हा पहिले तीन महिने दूध आणायला जायची पण भीती वाटायची, कारण पैसे देताना समोर नेमका माझाच ब्रँड आणि मनात काही नसताना तोंडातून "एक पाकीट द्या" निघून जायचं. दोनदा असंच परत सुरू झालं. ज्याला ओढायचीय तो मागेल हे बरोबरच आहे, पण सोडणाऱ्याचं काय?

हिशेबी:
एक लक्षात घ्या, इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना २०१२ ला आणि छोट्यांना २०१५ ला लागू झालं, मधल्या काळात बाकीचेही नियम येत होते, त्यामुळे घट झाली तरी ती एकट्या बंदीमुळे असं म्हणता येत नाही. पण नॉर्वेत याच बंदीविरुद्ध सिगारेट कंपनी कोर्टात गेली होती आणि २०१२ ला हरली. मांडणीने काही होतच नसतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

चौकसबाई:
सुटलेला, तुमचं वाचून पोटात कालवलं, हा विचारच केला नव्हता मी. मग गिऱ्हाईकाला किंमत कशी कळते?

हिशेबी:
इंग्लंडमध्ये साध्या काळ्या अक्षरांतली यादी लावता येते, चित्र, लोगो काही नाही.