मदत हवी आहे : आमच्या गेमसाठी एक जीवघेणी वेल
मंडळी, साताऱ्यात आमचा रोलप्ले गेमचा ग्रुप आहे. जग बुडाल्यानंतरचं कास पठार, असा मामला. तिथे एक वेल हवी आहे. शेंगांवर खाजकुइलीसारखी सोनेरी लव. वारा सुटला की उडते, अंगाला लागली की माणूस खाजवत खाजवत स्वतःच वेलीकडे चालत जातो. कारवीसारखी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, धोका तेव्हाच.

कासवर दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती खरंच आहे. तिच्या पानांवरचे चिकट थेंब हिलाही द्यावेत, की फार होईल?

खरी अडचण उताऱ्याची. शेण चोळायचा गावठी उपाय ठेवला तर खेळाडू फुकटात सुटतात (आमचे तर महाबिलंदर). जरा महागात पडेल असं काही सुचवा. नावही सुचवा, पण संस्कृतप्रचुर नको.