बाख 415 लाच वाजवायचा हट्ट कशासाठी?

गज_आणि_तार:
नमस्कार मंडळी. पुण्यात एका हौशी ग्रुपमध्ये व्हायोलिन वाजवते. आम्ही जर्मन संगीतकार बाखचा 140 नंबरचा कँटाटा (चर्चसाठीची, गायक आणि वाद्यांची रचना) बसवतोय, 1731 चा, आणि सरांनी सांगितलंय की सगळ्यांनी ए हा सूर 415 ला, म्हणजे सेकंदाला 415 कंपनांना, लावायचा, व्हायब्रॅटो (बोट थरथरवून सूर हलवणं) बंद, जमलं तर आतड्याच्या, म्हणजे गटच्या तारा, तेच अस्सल म्हणे. सारंगीला असते तशी तात. आजचा ए 440, आपली पांढरी सहा, तो उतरवून काळी चारवर आणायचा. मी लावल्या तारा, तर मागच्या आठवड्यात पाऊस पडला आणि दहा मिनिटंसुद्धा सुरात राहिल्या नाहीत, एक तर तालमीतच तुटली आणि मला रडू यायचं बाकी होतं. बाखकडे वरचा आवाज मुलगे गायचे, आमच्याकडे बायका गाणार, चर्च नाही, हॉल एसी. मग बाकी सगळं वेगळं असताना फक्त तारा जुन्या लावून काय साधतं? मनापासून विचारतेय.

सा_लावा:
415 ला फार पवित्र मानू नका. तेव्हा गावोगावी सूर वेगळा असायचा. बाख जिथे काम करायचा त्या खुद्द लाइपझिगच्या चर्चमधले ऑर्गन बाकी वाद्यांपेक्षा साधारण एक पूर्ण स्वर चढे होते, म्हणजे वाद्यं काळी चारला धरली तर ऑर्गन काळी पाचच्या आसपास, म्हणून ऑर्गनवाल्याचा कागद एक स्वर उतरवून लिहायचे, मग सगळे एकत्र यायचे. 415 ही आजची सोय आहे, 440 पासून बरोबर अर्धा स्वर, हार्प्सिकॉर्डची (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) पट्टी एक घर सरकवली की काम झालं. स्टीलच्या तारा असतील तर 440 लाच ठेवा, उतरवल्या की ढिल्या पडतात आणि आवाज मरतो. खरा फरक गजाने पडतो. जुन्या गजाची काठी बाहेरच्या बाजूला वाकलेली आणि टोक हलकं, त्यामुळे सूर टोकाकडे जाताना आपोआप विरतो. आजचा गज 18व्या शतकाच्या शेवटी आला, तो सूर शेवटपर्यंत भरलेला ठेवायलाच बनवलाय. जुना गज मिळत नसेल तर आहे तोच थोडा वर धरून बघा.

मधली_ओळ:
मला ‘अस्सल’ हा शब्दच खटकतो. 1730 साली बाखने लाइपझिगच्या नगरपालिकेला लेखी अर्ज करून कळवलं होतं की प्रत्येक आवाजाला किमान तीन गायक हवेत, चार असतील तर उत्तम. आणि 1981 मध्ये रिफकिन या अमेरिकन संगीत दिग्दर्शकाने बाखचा बी मायनर मास (चर्चच्या प्रार्थनेची मोठी रचना) एका आवाजाला एकच गायक घेऊन केला, त्यावरून अजून भांडणं चालू आहेत, कारण त्या अर्जातले गायक एकाच वेळी गायचे की आळीपाळीने हेच वादात आहे. टारुस्किन हा संगीत अभ्यासक म्हणायचा की आपण ज्याला जुनं म्हणतो ती आपली आजचीच आवड असते, मला ते पटतं. संगीतकार मेंडेलसननं 1829 ला बर्लिनमध्ये बाखचं मॅथ्यू पॅशन (येशूच्या अखेरच्या दिवसांवरची रचना) केलं तेव्हा कित्येक भाग गाळले, ओबो या फुंकवाद्याच्या जुन्या प्रकारांच्या जागी क्लॅरिनेट घेतली. पण ते पुन्हा लोकांसमोर आलं ते त्याच्यामुळेच ना.

बाकी व्हायब्रॅटो पूर्ण बंद, हे कुणी सांगितलं? लिओपोल्ड मोझार्टने (प्रसिद्ध मोझार्टचे वडील) 1756 च्या व्हायोलिनच्या पुस्तकात तो शिकवलाय, दागिना म्हणून. कायमचा ताप भरल्यासारखा प्रत्येक सुरावर हात थरथरवणाऱ्यांवर मात्र तो चिडलाय.

वन्समोर:
नाट्यसंगीतात आम्ही हेच भोगतो. बालगंधर्वांची 78 फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड ऐकून नवीन मुलं तीन मिनिटांत पद संपवतात, जागा न् जागा तशीच. अरे, तीन मिनिटं ही तबकडीची मर्यादा होती! स्टेजवर वन्समोर घेत तेच पद किती रंगायचं. पुरावा नीट वाचायचा तर त्यात काय राहून गेलंय तेही बघावं लागतं.

गज_आणि_तार:
सा_लावा, आज तालमीत करून बघितलं, माझ्याच गजाने, चार बोटं वर धरून, स्टीलच्या तारा, 440. पहिल्या भागात ती झटके देत चालणारी लय तंतुवाद्यं आणि ओबो एकमेकांकडे टाकतात ना, तिथे आजपर्यंत आमचा सूर ओबोच्या अंगावर पसरायचा. आज सूर विरला आणि ओबो आत आला, स्वच्छ. ओबोवाले काका थांबून म्हणाले, आज मला जागा मिळाली. सरांना सांगितलंय, गटच्या तारांचा नाद सोडू, गजावर काम करू. ते पुढच्या रविवारी सगळ्यांचे गज घेऊन बसणार आहेत.