मदत हवी आहे: लेकीचा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलाय, मलेरियाचं कार्ड (झटपट तपासणी) निगेटिव्ह. रक्तावरून नक्की कळतं का?

नमस्कार. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, लेक पाच वर्षांची आहे. सुट्टीत गडचिरोलीला, धानोऱ्याजवळ तिच्या आजोळी होतो. परत येऊन बारा दिवस झाले.

परवा संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. तासाभरात अंग भाजायला लागलं, मग घामाने फ्रॉक पिळून काढावा असा भिजला. काल अगदी बरी होती, वाटीभर पोहे खाल्ले. आज दुपारी पुन्हा तेच, १०३.

रिपोर्ट: सीआरपी ८४, हिमोग्लोबिन ९.८, प्लेटलेट ९२ हजार, पांढऱ्या पेशी ६,२००. कार्ड निगेटिव्ह, स्मिअर (काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ते) केलेलंच नाही. डॉक्टर म्हणतात, सीआरपी एवढा म्हणजे बॅक्टेरियाच, अँटिबायोटिक सुरू करू. गडचिरोलीचं सांगितलं तर "कार्ड निगेटिव्ह आहे ना" एवढंच उत्तर. माझी आई मात्र फोनवर सारखी म्हणतेय, ही थंडी मी ओळखते.

मलेरिया की बॅक्टेरिया, हे सांगणारी एखादी रक्ततपासणी आहे का? बॅक्टेरियाच्या संसर्गात वाढतं म्हणतात ते प्रोकॅल्सिटोनिन करून घेऊ? खर्चाचं बघू. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही, कृपया कुणीतरी सांगा.

---

ताई, मी लॅबमध्ये स्लाइड बघते. आधी एक करा, आजच स्मिअर द्या, जाड आणि पातळ दोन्ही. थंडी भरायची वाट बघू नका. निगेटिव्ह आलं तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, असं तीनदा. रक्तात परजीवी कमी असले की कार्डावर रेघ उमटत नाही, व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियात तर जास्तच चुकतं.

सीआरपी मलेरियातही भरपूर वाढतो. प्रोकॅल्सिटोनिनही वाढतं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. मलेरियाकडे बोट दाखवतात ते उतरलेले प्लेटलेट आणि तुमचा प्रवास. प्लेटलेट डेंगीतही उतरतात, तेही तपासून घ्या.

हॅप्टोग्लोबिन म्हणून एक प्रथिन आहे. मलेरियात तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर पडतं, हॅप्टोग्लोबिन त्याला धरतं आणि त्यातच संपत जातं. बॅक्टेरियाच्या संसर्गात ते उलट वाढतं. आफ्रिकेत यावर लहान मुलांमध्ये अभ्यास झालेत, कारण तिथे धडधाकट मुलांच्या रक्तातही परजीवी सापडतात. मूल न्युमोनियाने आजारी असलं तरी स्मिअर पॉझिटिव्ह येऊ शकतं. पण पेशी दुसऱ्या कारणाने फुटल्या तरीही ते घटतं, काहींचं मुळातच कमी असतं. त्यावर एकट्यावर औषध ठरवत नाहीत.

आणि स्मिअर पॉझिटिव्ह आलं म्हणून बॅक्टेरिया नाहीच असंही नाही. मलेरिया गंभीर झाला की मुलांच्या रक्तात साल्मोनेलासारखे जंतूही सापडतात. म्हणून अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी ब्लड कल्चर (रक्तातून जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मूल पेंगायला लागलं, आकडी आली, पाणीही पोटात टिकेना, श्वास भराभर चालला किंवा लघवी चहासारखी झाली, तर रात्र असली तरी थेट दाखल करा.

---

खूप आभार ताई. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी स्मिअर आणि कल्चर दोन्हीसाठी रक्त घेतलं, डेंगीचंही सांगितलंय. स्मिअरचा रिपोर्ट रात्री नऊला. तुमचं वाचून पहिलं काय केलं असेल तर तिची लघवी पाहिली. पिवळीच आहे.