वाऱ्यात पॉपरवर व्हायटिंग : सल्ला हवाय (सिडनी)

गरीवाला_सिडनी:
नमस्कार मंडळी. पोर्ट हॅकिंगला, मायनबारच्या वाळूच्या पट्ट्यांवर सँड व्हायटिंग या माशासाठी पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायचं नकली आमिष) टाकतो. सकाळी पाणी शांत असताना ठीक चालतं. पण उन्हाळ्यात दुपारी ईशान्येचा वारा सुटला की पॉपर आडवा घसरतो, दोऱ्याला झोळ पडतो आणि मासा मागे लागला तरी तोंड घालत नाही. भरती दुपारचीच असेल तर काय करावं? ७ फुटी हलका रॉड, २५०० चं रीळ आणि ६ पौंडी ब्रेड (विणलेला दोरा) आहे.

खाडीकाठ:
दादा, वारा सुटला म्हणून सामान आवरू नका. मी तर त्याची वाट बघतो. हा मासा गुडघाभर पाण्यात चरायला येतो आणि तिथे फार बिचकतो. पाणी काचेसारखं असलं की सावली, दोरा, पाय सगळं त्याला दिसतं. लहरी उठल्या की तो निर्धास्त होतो आणि भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबीमागे वाळूवर चढतो. उड्या मारत पळणाऱ्या कोळंबीचंच सोंग आपला पॉपर करतो.

खरी भानगड झोळाची आहे. ब्रेड हलका, वारा त्याला कमानीसारखा फुगवतो. मग तुम्ही रॉडच्या टोकाने दिलेला झटका त्या कमानीतच जिरतो, ल्युअरपर्यंत (नकली आमिषापर्यंत) पोचतच नाही. म्हणून वारा पाठीवर किंवा खांद्यामागून येईल असे उभे राहा. फेक उंच नको, पाण्यालगत सपाट हवी. ल्युअर पडायच्या आधी स्पूलवर (दोरा गुंडाळलेल्या चकतीवर) बोट टेकवा, बेल (रीळावरची उघडझाप करणारी तार) हाताने बंद करा आणि ढिला दोरा ओढून घेतल्यावरच पहिला झटका द्या. रॉडचं टोक सतत पाण्याजवळ, जवळजवळ टेकलेलं ठेवा.

पॉपरऐवजी ७ सेंमीच्या आसपासची पेन्सिलसारखी स्टिकबेट वापरून बघा. वाऱ्यात ती सरळ जाते, गोल खोलगट तोंडाचा पॉपर हवेत गटांगळ्या खातो.

आणि ओढताना थांबू नका! ब्रीम माशासाठी मध्ये विसावा देतात, व्हायटिंगला तो चालत नाही. पोलराइज्ड चष्म्यातून बघा, ल्युअरच्या मागे दोन-तीन मासे एकमेकांना ढकलत येतात, पाण्यावर बाणाच्या टोकासारखी रेघ उमटते. तेव्हा हात थबकला की ते वळलेच. उलट वेग किंचित वाढवा. टोचा जाणवला तरी झटका मारायचा नाही, गुंडाळत राहायचं, वजन आलं की रॉड उचलायचा. तोंड लहान असतं, तेव्हा बारीक तारेचे, धारदार ट्रेबल (तीन काट्यांचे हुक) लावा.

रेतीवरची:
खाडीकाठ, बाकी सगळं पटलं, पॉपरबद्दल नाही. लाटा चांगल्या उसळत असतील तर स्टिकबेटची चाल त्या गोंधळात हरवते. पॉपरचा ‘ब्लूप’ आवाज माशाला लांबून ऐकू जातो. मी दोन्ही नेते, पाण्यावर नुसती सुरकुती असेल तर स्टिकबेट, पांढरे तुरे दिसायला लागले की पॉपर. वारा आणि भरती एकाच दिशेने असतील तर पाणी बरं राहतं, समोरासमोर आले की लाटा ताठ होतात. आणि तरंगतं गवत वाहून यायला लागलं तर जागाच बदला, दर फेकीला हुक साफ करण्यात भरती निघून जाते.

लीडर (ब्रेड आणि ल्युअरच्या मधला दोरा) ४-६ पौंडी फ्लुरोकार्बन, हातभर लांब.

खाडीकाठ:
तुरे आल्यावर पॉपर, हे मान्य.

गरीवाला_सिडनी:
मनापासून आभार. शनिवारी दुपारची भरती आहे, वारा पाठीवर घेऊनच उभा राहीन. खायला ठेवायचे असतील तर नियम काय? घरी आई आलीय, कोकणातल्या मुडदुशीचा हा नातलग म्हटल्यावर ती तव्यावर रवा लावून करायला आतुर आहे.

रेतीवरची:
न्यू साउथ वेल्समध्ये सँड व्हायटिंग किमान २७ सेंमी, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, आणि माणशी २० पर्यंत. मासेमारीची फी भरल्याची पावती जवळ हवी. मोजपट्टी ओली करून घ्या, लहान मासा ओल्या हातानेच सोडा. आणि त्या पट्ट्यावर चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, म्हणजे स्टिंगरे (पाकट) असला तर आधीच सरकतो. पायात बूट हवेतच.