डॉ. कोटणीस स्मारक पाहायला जाताय? कसं ठरवलंत ते लिहा (अनुभव धागा)

आपल्या सोलापुरातल्या भैय्या चौकातून आपली येजा चालूच असते. चीनमध्ये लढाईतल्या जखमींवर उपचार करायला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं जन्मघर तिथंच आहे. महापालिकेनं ते नीट करून १ जानेवारी २०१२ ला स्मारक म्हणून लोकांसाठी खुलं केलं. आत जायला पैसे पडत नाहीत, आणि माझ्या मते म्हणूनच "कधीपण जाऊ की" म्हणत आपण वर्षं काढतो. पाहुणे आले की सिद्धेश्वराला नेतो, चादरी घेऊन देतो, शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून देतो आणि गाडीत बसवतो. हे घर राहून जातं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही गेला असाल तर लिहा: कुणाला नेलंत, कधी गेलात, जाण्याआधी काय तयारी केलीत. पुढं जाणाऱ्याला उपयोग होईल असं लिहा. नुसतं "छान आहे" नको.

पूर्व भागातली एक शिक्षिका

आमच्या वर्गात बहुतेक मुलं पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरांतली. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि कित्येकांच्या आज्या आजही दारात बसून विड्या वळतात. मुलांना नुसतं नेऊन सोडलं तर ती फोटोंसमोरून पळत जातात, हे मी दुसऱ्या सहलींत पाहिलंय. म्हणून इथं जायच्या आधी रोज शेवटच्या तासाला थोडी थोडी गोष्ट सांगत गेले. फळ्यावर खडूनं वाट काढली: सोलापूर, मुंबई, कँटन, हांकौ, चुंगकिंग, येनान. १९३८ चा सप्टेंबर, मुंबईहून बोट सुटली, पाच डॉक्टर निघाले: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले कोटणीस. जपाननं चीनवर हल्ला केला होता, तिकडून डॉक्टरांची मागणी आली होती आणि सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. एवढं सगळं मुलांना तोंडपाठ झालं.

मग प्रत्येकाला सांगितलं, एक प्रश्न वहीत लिहून आणायचा. एका मुलीनं लिहिलं, "डॉक्टरांना चिनी येत होतं का? नसेल तर पेशंटचं कुठं दुखतंय ते कसं कळलं?" ही मुलगी तेलुगूतून मराठीत आलेली, हा प्रश्न तिलाच पडणार. मी सांगितलं, ते तिथं जाऊन चिनी शिकले, बोलायलाही आणि लिहायलाही. स्मारकात ती चिनी अक्षरांसमोर बोटानं हवेत रेघा ओढत उभी होती, तिला हलवावंसं वाटेना.

शिक्षकांना एकच सांगते. हे राहतं घर होतं, सभागृह नव्हे. अख्खा वर्ग एकदम आत घालू नका. निम्मी मुलं आत, निम्मी बाहेर सावलीत, आणि बाहेरच्यांबरोबर एक मोठं माणूस. डबे नंतर खायचे. आधी फोन करून शाळा येतेय असं कळवलं तर तिथल्या माणसांनाही बरं पडतं.

सिव्हिलमधून निवृत्त झालेली परिचारिका

मी एकटीच जाते. बोलायला कुणी नसलं की वाचून होतं.

१९४० मधल्या मोठ्या लढाईच्या वेळी डॉक्टरांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, हे सगळे सांगतात आणि पुढं जातात. ज्यानं रात्रपाळ्या काढल्यात त्यानं जरा थांबावं इथं. जागरणात डोळ्यांआधी हात जातात. टाका घालताना सुई कुठं शिरतेय ते दिसत असतं, पण बोटं ऐकत नाहीत. दुसऱ्या रात्रीनंतर साधी चिमट्याची पकड सुटते. त्यात डोंगराळ भाग, औषधांची टंचाई, जखमी येतच राहिलेले. १९४१ च्या जानेवारीत त्यांना डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचं प्रमुख केलं, ते उगाच नाही. बेथ्यून म्हणजे कॅनडातून चीनला गेलेले सर्जन, शस्त्रक्रियेत बोट कापून रक्तात विष भिनलं आणि १९३९ मध्ये गेले. त्यांच्या जागी आमचा सोलापूरचा मुलगा!

कोटणीसांना अपस्माराचे झटके यायचे. ९ डिसेंबर १९४२ ला त्यातच गेले, वय ३२. बायको, ग्वो छिंगलान, परिचर्या शिकवणारी, आणि मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. बाकीचे चारही डॉक्टर परत आले. वडील गेल्याची बातमीसुद्धा कोटणीसांना तिकडंच कळली होती, तरी काम सोडून आले नाहीत. हे सगळं आधी डोक्यात घेऊन जावा. मग तरुण चेहऱ्याचा फोटो समोर आला की त्याच्याशी ओळख असते.

माझं म्हणणं, तास-दीड तास मोकळा ठेवा. "जाता जाता दहा मिनिटं" अशी जागा नाही ही.

जुळे सोलापूरहून, सासऱ्यांना घेऊन

मामांना गुडघ्याचा त्रास आहे. निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घेतल्या: आज उघडं आहे का, पायऱ्या किती, आत बसायला खुर्ची मिळेल का. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी हे विचारावंच. बऱ्याच संग्रहालयांना सोमवारची सुट्टी असते, सणासुदीला वेळा बदलतात. दुसऱ्या एका शहरात नकाशात "उघडे" दाखवत असताना आम्हाला कुलूप दिसलं होतं आणि मामा उन्हात रिक्षा मिळेपर्यंत उभे होते. तेव्हापासून मी फोनवर माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना घराबाहेर काढत नाही.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा

मित्रांनो, एकटं स्मारक बघू नका, शहराला जोडून बघा. मी हे असं लावतो: मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, १२ मे ते ३० जून. त्याच्या आधी एप्रिलमध्ये नगरपालिकेवर तिरंगा चढला होता. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. म्हणजे गावात लष्कर उतरलं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे, आपल्यापेक्षा लहान. ज्या गावात हे घडलं त्याच गावचा पोरगा आठ वर्षांनी दुसऱ्या देशाच्या लढाईत डॉक्टर म्हणून गेला. पाठ्यपुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत येतात, गावात फिरताना त्या जवळ येतात.

वाट सोपी आहे. आधी स्मारक, तिथून चार पुतळा (याच चार हुतात्म्यांचे पुतळे), पुढं भुईकोट किल्ला, आणि ऊन उतरता उतरता सिद्धेश्वर तळ्यावर. गाडी असली तर अर्धा दिवस पुरतो. वही न्या.

पुण्यात नोकरी, गाव सोलापूर

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येणारे माझ्यासारखे बरेच आहेत. शनिवारी दुपारी जेवून झोप, रविवारी परतीची बॅग, एवढ्यात सुट्टी संपते. मी शनिवारची सकाळ ठरवून टाकली आणि घरच्यांना बुधवारीच सांगून ठेवलं. आधी सांगितलं नाही तर आई नातेवाइकांकडं जेवायचं ठरवून मोकळी होते! पुण्यातल्या एका मित्राला बरोबर आणलं होतं. त्याला चादरीचं सोलापूर माहीत होतं, हे माहीत नव्हतं. स्टेशनवरून रिक्षा केली तर जागा जवळच आहे, "कोटणीस स्मारक, भैय्या चौक" म्हणा.

पद्मानगरचा एक विणकर

माझं थोडं वेगळं आहे. सोलापूर चादरीला भौगोलिक मानांकन आहे, गिरण्यांवर हे गाव वाढलं. लक्ष्मी, विष्णू, जुनी मिल, नरसिंग गिरजी ही नावं आमच्या घरात भोंग्याच्या वेळेसकट सांगितली जायची. कोटणीसांचं घर जसं जपलं तसं एक माग, त्याचा धोटा, नक्षी विणणाऱ्या जकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पत्ती एका ठिकाणी नीट मांडून ठेवावी, पोरांना फुकट बघता यावी. मी स्मारकात गेलो तेव्हा तिथल्या माणसाला हे बोललो, त्यांनी ऐकून घेतलं. तुम्ही गेलात तर अभिप्रायाची वही मागून घ्या आणि मनातलं लिहा. लोक येतात, बघतात, लिहितात हे कागदावर दिसलं की अशा जागांना महापालिकेत मागणं मागता येतं. फुकट जागेला आपण देऊ शकतो ते हेच.

नवी पेठेतून

दोन तारखांचं सांगते. १० ऑक्टोबर आणि ९ डिसेंबरला तिथं अभिवादनाला मंडळी येतात. भाषणं ऐकायची असतील तर तेव्हा जा, शांतपणे वाचायचं असेल तर दुसरा दिवस धरा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं रस्ते वळवलेले असतात, बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन तेव्हा गाडी अडकते. आणि मे महिन्यात लहान पोरांना भर दुपारी नेऊ नका, आपल्याकडचं ऊन आपल्याला नवं नाही. उघडल्या उघडल्या किंवा चारनंतर, पाण्याची बाटली घेऊन.

वरच्या शिक्षिकेला विचारायचं होतं

मॅडम, आमची मुलं दुसरी-तिसरीतली आहेत. त्यांना लढाई, जखमी हे सगळं सांगावं का?

पूर्व भागातली एक शिक्षिका

सांगा, पण डॉक्टरपासून सुरू करा. "आपल्या गावचे एक डॉक्टर होते, फार लांबून त्यांना बोलावणं आलं" इतकं पुरतं. बोट दाखवा, नकाशा दाखवा. मरण विचारलं तर खरं सांगा, लपवू नका. आणि लहान गट न्या, दहा-बारा पोरं, बोटाला धरून.